बोटांची शिकवणी

माझी धाकटी बहीण बोलायला लागायच्या आतच बहिरी झाली. मेंदूज्वरातून ती वाचली, पण कान गेले. बोरिवलीच्या आमच्या बैठ्या चाळीत तिच्याशी बोलायचं म्हणजे हातांनीच बोलायचं, आणि त्या खुणा आम्हीच घरात बसून बनवलेल्या होत्या. तिच्या शाळेत हात वापरले की बाई रागवायच्या. ओठ बघ, आवाज काढ म्हणायच्या. त्यामुळे घरी आली की तिचे हात सुटल्यासारखे चालायचे. दिवसभराचं सगळं साठलेलं बोटांतून बाहेर यायचं.

बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणी पुन्हा नीट उघडलीच नाही आणि ते एका सोसायटीत वॉचमन झाले. मी तेव्हा नुकतीच अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. बहीण शाळा संपवून घरीच होती. तिला कुठे घालायचं, काय शिकवायचं, हा आईचा रोजचा घोर.

त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाला एका जादूगाराला बोलावलं होतं. मुलुंडला राहणारे साठीतले गृहस्थ, काळा कोट घातलेला, कोपरावर रफू. लोकांना हसवत, बोलत बोलत प्रयोग करायचे. माझ्या बहिणीला त्यातलं काही कळत नव्हतं आणि ती कंटाळून माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. मध्येच त्यांनी पत्त्यांचा जोड काढला. जादू सुरू करण्याआधी नुसताच हाताला चाळा म्हणून त्यांनी त्याचा पंखा उघडला, मिटला, मग उजवा हात वर नेऊन सगळे पत्ते धारेसारखे डाव्या हातात सोडले. ती ताठ उठून बसली. पुढे त्यांनी कोणाच्या तरी खिशातून पत्ता काढला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिने नाही. तिला ते पत्ता ओळखणं वगैरे नकोच होतं. घरी येताना रस्ताभर ती हात वर नेऊन खाली सोडत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला हे शिकायचंय.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पत्ते आणि पोरीच्या जातीनं? उद्या लोक काय म्हणतील?"

ते स्वतः रविवारी ओट्यावर रमी खेळायचे, पण ते निराळं. मास्तर लावायचा प्रश्नच नव्हता. मग मी ठरवलं, पुस्तक शोधू.

मासिकात जाहिरात असायची, घरबसल्या जादू शिका. मी तो अभ्यासक्रम मागवला. पोस्टानं पातळ पुस्तिकांचा गठ्ठा आला, हिंदीत. उघडून बघते तर निम्मी पानं प्रेक्षकांशी काय बोलायचं यानंच भरलेली. मेहरबान, कदरदान, इकडे बघा, तिकडे बघा. बहिणीनं विचारलं, यात काय लिहिलंय? मी खूण केली, बडबड. ती हसली आणि गठ्ठा बाजूला सारला.

पुढे ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे एक इंग्रजी पुस्तक मिळालं. पाठीमागचं पुठ्ठ्याचं पान नव्हतं. पण आत पत्ते फिरवण्यावर एक अख्खं प्रकरण होतं आणि रेघांनी काढलेले हात होते, बाणांसकट. ते बघून तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, मिळालं, हेच हवं होतं.

रोज संध्याकाळी मी आल्यावर आम्ही दाराशी बसायचो. मी इंग्रजी वाचून, समजून घेऊन, खुणांनी सांगायची. अंगठा कुठे, करंगळी कुठे, एवढं जमायचं. पण "हलकेच दाब द्या" असं लिहिलेलं असलं की अडायचं. किती हलकेच? आमच्या भाषेत त्याला खूण नव्हती. मग मी तिच्या मनगटावर बोट टेकवून दाखवायची, इतकं. ती मान हलवायची आणि पत्ते सगळीकडे सांडायचे.

आई आतून मालवणीत ओरडायची, "बापाशीन बघल्यान तर चुलीत घालतलो हां."

बाबांनी एक दिवस बघितलंच. चुलीत काही घातलं नाही. थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहिले, पायाशी आलेला पत्ता उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.

चाळीसमोर नवीन बिल्डिंग झाली होती. तिथल्या एकांकडे आखातातून आणलेला व्हिडिओ होता आणि परदेशातल्या कुठल्याशा जादूगाराची कॅसेटही होती. मी त्या घरच्या वहिनींना गळ घातली. एका रविवारी दुपारी, त्यांचा पिक्चर सुरू व्हायच्या आधी, त्यांनी ती आम्हाला लावून दिली. बहीण पडद्याला नाक लावून उभी राहिली. तो माणूस पत्ते हवेत सोडायचा, आणि नेमकं त्याच वेळी कॅमेरा त्याच्या हसऱ्या तोंडावर जायचा. तिनं टीव्हीच्या काचेवर चापट मारली. वहिनी दचकल्या.

"काय गं, काय झालं हिला?"

"हात दाखवत नाहीत म्हणतेय," मी म्हटलं.

मागे नेऊन, थांबवून बघितलं तर चित्र थरथरायचं आणि बरोबर बोटांवरून पांढरे पट्टे जायचे. तरीही त्या कॅसेटमधून तिनं एक गोष्ट घेतली. पत्ते सुटतात तेव्हा वरचा हात स्थिर नसतो, तो मागे मागे जात असतो. पुस्तकातल्या बाणानं हे सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या हातातून पत्त्यांची धार नीट उतरली. अगदी छोटी, वीतभर. पण न तुटता उतरली.

मी तेव्हा बाबांना पुन्हा विचारलं, हिला मुलुंडच्या त्या जादूगाराकडे शिकायला नेऊ का. त्यांनी तिच्या हातातल्या पत्त्यांकडे बघितलं. म्हणाले, "म्हातारा आहे ना तो? मग जा. पण तू बरोबर जायचंस."

अशा रीतीने आम्ही दोघी रविवारी सकाळी दोन बस बदलून मुलुंडला जायला लागलो. मास्तरांच्या खोलीत आरशाचं कपाट, एक खाट आणि भिंतीला टेकवलेल्या ट्रंका. एकटेच राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला जे येतं ते करायला सांगितलं आणि पंखा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुठे शिकली?"

मी पुस्तक दाखवलं. त्यांनी पानं चाळली. "पुस्तक चांगलंय. पण ही चित्रं समोर बसलेल्या माणसाला दिसतात तशी काढली आहेत. हिनं तशीच उचलली. सगळं उलट्या हातानं बसलंय बघ."

"मग पुस्तक टाकून देऊ का?"

"टाकायचं कशाला? शिकून झालं की आठवणीला ठेवायचं असतं ते. आणि तिला एका वेळी एकच दे. तू तिला सगळं प्रकरण दाखवून ठेवलंयस, ती सगळ्याला हात घालते."

त्यांनी तिला आरशासमोर उभं केलं आणि शेजारी स्वतः उभे राहिले, खांद्याला खांदा. त्यामुळे डावा हात डावाच राहिला. बोलायची सवय जुनी, त्यामुळे पहिले काही रविवार ते तिला जोरजोरात सांगायचे आणि मग स्वतःच कपाळाला हात लावायचे. हळूहळू गप्प झाले. पत्ते घसरावेत म्हणून त्यांना शंखजिऱ्याची पूड कशी चोळायची, घाम आलेला हात कुठे पुसायचा, सगळं न बोलता दाखवायला लागले. बसलेली सवय मोडायला फार दिवस गेले. ती चिडायची, रडायची, पत्ते फेकायची. ते वाकून गोळा करायचे आणि पुन्हा तिच्या हातात ठेवायचे.

पुढच्या वर्षापर्यंत तिचा हात असा झाला की मास्तर तिच्याकडे बघताना आरशात बघायचंच विसरायचे. कोपरापासून बोटांपर्यंत ती पत्ते मांडायची, हात उलटा करायची आणि सगळे पत्ते एकदम कूस बदलायचे. चाळीतली माणसं मुद्दाम बघायला यायची. माझे बाबा ओट्यावर बसून, जणू काही बघतच नाही असं दाखवत, बघायचे. मास्तर म्हणाले, पुढच्या कार्यक्रमात हिला बरोबर नेतो. आईनं तिच्यासाठी निळं साटिनचं पोलकं शिवायला टाकलं.

त्याच सुमारास चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात तिला काम मिळालं. डब्यांची झाकणं पॅक करायचं. तिला त्याचा आनंदच झाला होता. डबा घेऊन, ओढणीला पिन लावून, सकाळी माझ्या आधी निघायची. काही महिन्यांनी एक बाई कामावर आली नाही म्हणून तिला पत्रा कापायच्या प्रेसवर बसवलं. पत्रा सरकवायचा, हात काढायचा, पायानं पट्टी दाबायची. हात चपळ आहे म्हणून तिलाच बसवलं, असं नंतर तिथली एक बाई आईला सांगत होती. पत्रा अडकला होता. तो सोडवताना मशीन खाली आलं. शेजारच्या बाईनं ओरडून सांगितलं होतं.

उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेली.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. बँडेज केलेला हात उशीवर ठेवला होता. तिनं मला काहीतरी सांगायला तो उचलला आणि तसाच धरून राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या निम्म्या खुणा त्याच दोन बोटांच्या होत्या. पाणी, आई, ये, नको. तिनं डाव्या हातानं सुरुवात केली. लहान मूल बोबडं बोलतं तशी. मी काही समजले, काही नाही. नाही समजलं तिथे मी मान डोलावली, आणि ते तिच्या लक्षात आलं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

बाबा तिच्या पायाशी बसून होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतः जाऊन पत्त्यांचा एक नवा, चांगल्यातला जोड आणला आणि तिच्या उशाशी ठेवला. मला तेव्हा त्यांचा राग आला. आता येत नाही. त्यांना दुसरं काय आणायचं तेच सुचलं नसेल.

जखम भरली. मी पुस्तक काढलं. त्यात एका हातानं पत्ते कापायचे प्रकार होते. मी तिला ती पानं उघडून दिली, डाव्या हातानं करता येतील म्हणून. तिनं बरेच दिवस प्रयत्न केला. एक प्रकार तिला जमलाही. पण करून झाल्यावर ती हाताकडे बघायची नाही. पूर्वी बघायची, आपल्याच हातावर खूश होऊन. एका दुपारी तिनं पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि डाव्या हातानं सांगितलं, पुरे.

मी तिला आग्रह केला नाही. मास्तरांना पोस्टकार्ड टाकून कळवलं.

ते पुढच्याच रविवारी आले. मुलुंडहून एकटे, छत्री घेऊन. आईनं चहा केला. ते तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना बोलायलाही काही सुचेना आणि हातांनाही. शेवटी तिनंच बाबांनी आणलेला तो नवा जोड उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाटलं, तिला काही करून दाखवायचंय. त्यांनी हात पुढे केला नाही. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि त्यांच्याकडे बोट केलं. तुम्ही करा.

"मी?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "माझा हात आता राहिला नाही गं. तिच्यासमोर तर नाहीच."

तिनं जोड त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी पत्ते घेतले, वर नेले आणि सोडले. अर्धी धार उतरली आणि बाकीचे पत्ते फरशीवर गेले, खाटेखाली, चुलीपर्यंत. बाबा उठायला लागले तर आईनं त्यांना हातानं थांबवलं. बहीण खाली बसली आणि एकेक पत्ता गोळा करू लागली. डाव्या हातानं उचलायची, उजव्या तळव्यावर रचायची. सगळे जुळवून, कडा सारख्या करून, तिनं ते मास्तरांना परत दिले. त्यांनी पुन्हा केलं. या वेळी धार नीट उतरली. ती अगदी जवळ बसून बघत होती, हनुवटी गुडघ्यावर टेकवून.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हात गुंतलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

नंतरही ते काही वेळा आले. मग त्यांचे गुडघे गेले, बस चढवेना. मी एकदा मुलुंडला जाऊन भेटून आले. बहीण यायला तयार होती, पण ऐन वेळी अडून बसली, येणार नाही म्हणाली. पावसाळ्यानंतर ते गेल्याचं त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं.

तिचं लग्न झालं, नवराही बहिरा, शिवणकाम करणारा, शांत. ती आता डाव्या हातानं भराभर बोलते आणि तिच्या मुलांना तीच तिची भाषा वाटते. पूर्वी ती कशी बोलायची हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगायला गेले की ती मला थांबवते.