गाळलेला गुडघा

छापखान्यात त्यांना सगळे ‘ग्रहवाले’ म्हणत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या आणि पहाटे उठून परग्रहावरच्या थरारक कादंबऱ्या लिहायच्या, हा या गृहस्थांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. पहिल्या चार कादंबऱ्यांना कुत्रं विचारत नव्हतं. विचारणार कसं? अंतराळयानं चकाचक, शस्त्रं भन्नाट, पण त्या जगात कधी कुणाच्या चपलेचा अंगठा तुटत नसे की कुणी कामात टंगळमंगळ करत नसे. असल्या जगावर विश्वास कोण ठेवणार!

पाचव्या वेळी मात्र खरं जग घरच्या घरीच सापडलं. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भावोजी, शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपघर सांभाळत. दर तासाला लोखंडी शिडीच्या बासष्ट पायऱ्या चढून टाकीतली पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. एकदा ते मेहुण्याला हौसेने पंपघर दाखवायला घेऊन गेले. टाकीलगतच्या उभ्या पाइपावर पान्ह्याने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, “साडेतीन मीटर. जा, वर चढून बघून ये.”

मेहुणा धापा टाकत वर गेला. साडेतीनच!

“गुडघा गेलाय रे माझा,” भावोजी हळूच म्हणाले. “वर्ष झालं शिडी चढलो नाही. साहेबांना कळलं तर इथून हलवतील. कुणाला बोलू नकोस हं, ताईलासुद्धा.”

ग्रहवाल्यांनी शब्द दिला, आणि वर्षाच्या आत सगळं छापून मोकळे झाले.

कादंबरीत पाण्याच्या जागी हवा आली. जमिनीखालचं शहर, आणि तिथल्या हवाघराचा राखणदार. तो शिडी न चढता पाइपावर पान्हा आपटून आकडा लिहितो. एके दिवशी आकडा चुकतो आणि तीनशे माणसं गुदमरतात. पहिल्या खर्ड्यात राखणदाराचा गुडघाही दुखत होता. पण मग वाचकाला त्याची दया आली असती आणि थरार ढिला पडला असता. हाताला लाल शाईची सवय होतीच, गुडघा गाळला. उरला तो एक कामचुकार म्हातारा.

पुस्तक हातोहात खपलं. “लेखक तिथे नोकरी करून आलाय असं वाटतं,” असं एका वाचकाने कळवलं. महिनाभर ग्रहवाल्यांचे पाय जमिनीवर नव्हते. मग एक प्रत पाणीपुरवठ्यातल्या नव्या इंजिनिअरच्या हाती पडली. तो वाचून हसला आणि दुसऱ्या दिवशी सहज म्हणून पंपघरात डोकावला. भावोजी पाइपाला कान लावून उभे होते.

एकोणतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला उरलेलं दीड वर्ष, आणि भावोजींना गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. हे ग्रहवाल्यांच्या कानावर आलं. तीन रविवार ते ताईच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. चौथ्या रविवारी आत शिरले. ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. भावोजी खुर्चीत बसले होते आणि मांडीवर ते पुस्तक होतं.

“भावोजी, माझं चुकलं. मी...”

“दोनदा वाचलं,” भावोजी म्हणाले. “शिडीचा गंज, पान्ह्याचा आवाज, वहीचा फाटका पुठ्ठा. सगळं हुबेहूब. एवढंच सांग, माझा आकडा कधी चुकला होता का रे?”

“नाही.”

“आणि गुडघा?”

“लिहिला होता. नंतर काढला. गोष्टीत बसत नव्हता.”

भावोजींनी मांडीवरचं पुस्तक उचलून बाजूला ठेवलं. त्यांनी दोन मुस्काटात मारल्या असत्या तर परवडलं असतं, असं ग्रहवाल्यांना वाटलं.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. भावाची पुस्तकं ती कपाटात जपून ठेवी, वाचत मात्र नसे. “बरं झालं आलास,” ती म्हणाली. “ह्यांची चुगली कुठल्या मेल्याने केली, तेवढं शोधून काढ बाबा. तुझ्या एवढ्या ओळखी आहेत.”

ग्रहवाल्यांनी तोंड उघडलं, पण भावोजी आधी बोलले. “चुगली कसली? मीच साहेबांना सांगितलं. गुडघा दुखतो, चढवत नाही म्हणून.”

“अगं बाई! आणि मला नाही सांगितलंत?” कप तसाच भावाच्या हातात कोंबून ताई खाली बसली आणि नवऱ्याचा गुडघा चेपू लागली. “कधीपासून दुखतोय हो? तुला तरी माहीत होतं का रे?”

“होतं,” ग्रहवाले म्हणाले.