कॅरिबियन नाइटमध्ये रावण

सब-वूफर लॉनवरून आत येताना दिसले तेव्हा मी म्युझियमच्या पायऱ्यांवर उभी होते. हातात शहाळं, शहाळ्यात कागदी छत्री. सब-वूफर म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा, कानापेक्षा छातीत ऐकू येणारा आवाज काढणारा स्पीकर. घरातल्या कपाटाएवढे दोन होते आणि चार माणसं ते ओढत होती.

"हे कुठे चालले?"

"सेंट्रल हॉलमध्ये, मॅडम. अण्णासाहेबांची ऑर्डर," सलीमभाई म्हणाले. सलीमभाई आमचे इलेक्ट्रिशियन. कागदोपत्री इलेक्ट्रिशियन, प्रत्यक्षात जे काम कोणाचंच नाही ते त्यांचं.

मी शहाळं कठड्यावर ठेवलं आणि आत पळाले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने साडी नेसून म्युझियममध्ये पळू नये, असं मीच नव्या लोकांना सांगत असते.

मी संवर्धक आहे. कॉन्झर्व्हेटर. वस्तू पडू नयेत, फुटू नयेत, किडू नयेत, यासाठी मला पगार मिळतो. आमचं म्युझियम गंगापूर रोडवर, एका खासगी ट्रस्टचं. त्या दिवसांत आमच्याकडे मुखवट्यांचं प्रदर्शन चालू होतं. एका भिंतीवर कॅरिबियन बेटांवरच्या कार्निव्हलचे मोठे फोटो, समोरच्या भिंतीशी आपल्या सुरगाण्याकडचे बोहाड्याचे मुखवटे. बोहाडा म्हणजे तिकडच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाला होणारा सोंगांचा उत्सव. रात्रभर संबळ वाजतो आणि एकेक सोंग मुखवटा घालून नाचत येतं. प्रदर्शनाला गर्दी झाली, तसा अण्णासाहेबांना हुरूप आला. अण्णासाहेब आमचे अध्यक्ष. त्यांनी 'कॅरिबियन नाइट' जाहीर केली. त्रिनिदादहून भारत दौऱ्यावर आलेला स्टील ड्रमचा बँड, नाच, जेवण, सगळं मध्यरात्रीपर्यंत. ट्रस्टच्या घटनेत मद्य बसत नाही, म्हणून शहाळी. बाकीच्या कॅरिबियन पदार्थांत पनीर होतं.

मी एकाच अटीवर हो म्हटलं होतं. वाजवायचं ते लॉनवर.

"ताई, दहानंतर बाहेर स्पीकर लावता येत नाही," मृण्मयी म्हणाली. ती आमची इव्हेंट मॅनेजर आणि त्या रात्रीची सूत्रसंचालिकाही. "पोलीस चौकीतून फोन आला. मग अण्णासाहेब म्हणाले, आत घ्या. आत चालतं."

"कोणाला चालतं?"

"पोलिसांना," ती म्हणाली. तिच्याही चेहऱ्यावर घाम होता.

सेंट्रल हॉल आणि मुखवट्यांचं दालन यांच्यामध्ये एक काचेचा दरवाजा आहे. दरवाजाला लागून पहिलंच शोकेस रावणाचं. कागदाचा लगदा, बांबूच्या कामट्या, वर वर्षानुवर्षं चढवलेले रंगाचे थर. मधलं तोंड मोठं, दोन्ही बाजूंना पंखासारखी उरलेली डोकी. रुंदी माझ्या दोन हातांत मावणार नाही इतकी. हा मुखवटा लहानूदादांच्या घरचा. त्यांच्या गावात रावणाच्या सोंगाचा मान त्यांच्या घराकडे आहे. आजोबांनी केलेला मुखवटा, आजोबा नाचले, वडील नाचले, आता ते नाचतात. तो आणायला मी स्वतः गेले होते. गावकऱ्यांनी पारावर बसवून अटी सांगितल्या. मुखवट्याला खिळा, दोरा, गोंद काही लावायचं नाही. उचलायचा तो लहानूनेच. आणि बोहाड्याच्या आधी तो जसा नेला तसा परत आला पाहिजे. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस शेवटी म्हणाला होता, "बाई, दुसरा रावण नाय आमच्याकडं. ह्यो गेला तर सोंगच निघायचं नाय." मी शब्द दिला होता. बोहाडा आता महिन्यावर आला होता.

अट पाळायची म्हणून आम्ही मुखवटा कशालाच बांधला नव्हता. स्टँडच्या गादी लावलेल्या दोन हातांवर तो फक्त टेकवून ठेवला होता. शांत दालनात त्याला काही धोका नव्हता.

तेवढ्यात हॉलमध्ये साउंड चेक सुरू झाला.

कंपनं वस्तूला ढकलत नाहीत, चालवतात. मिक्सर लावला की ओट्यावरचा चमचा हळूहळू कडेला येतो ना, तसं. मी शोकेसच्या काचेवर, मुखवट्याच्या कडेच्या बरोबर समोर, पांढऱ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवला आणि डोळा लावून उभी राहिले. बेस गिटारवाल्याने एक तार छेडली. काच माझ्या बोटांखाली गुणगुणली. दोन मिनिटांत तो थांबला तेव्हा रावणाची कड टेपच्या पलीकडे गेलेली होती. करंगळीच्या नखाएवढी. दोन मिनिटांत एवढी, तर दोन तासांत किती, हे गणित मी मुद्दाम केलं नाही.

अण्णासाहेब हॉलच्या मधोमध फुलाफुलांच्या शर्टात उभे होते. शर्टाखाली नेहमीची पांढरी, कडक इस्त्रीची पँट.

"अण्णासाहेब, बेस बंद ठेवायला लागेल. मुखवटा सरकतोय."

"वसुधाताई, नाच आहे हा. भूकंप नाही."

"मुखवट्याला फरक कळत नाही."

"बेस काढला तर भजन वाटेल हो ते! लोक मुंबईहून आलेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काय करायचं ते दहाच्या आत करा. दहाला बँड सुरू."

नऊ वाजून गेले होते. शोकेसची काच म्हणजे उलटी ठेवलेली मोठी पेटी असते. ती सक्शन कपने, म्हणजे काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठींनी, चौघांनी मिळून सरळ वर उचलायची असते. जराही तिरकी झाली तर आतल्या वस्तूला लागते. घाई न करता तास जातो. मग मुखवटा उचलायचा आणि स्टोअररूममध्ये न्यायचा. स्टोअररूम हॉलच्या पलीकडच्या टोकाला.

लहानूदादा लॉनवर होते. त्यांचा सत्कार नुकताच झाला होता. खांद्यावर शाल, हातात गुच्छ, आणि स्टीलचे ड्रम ऐकून चेहऱ्यावर मोठं आश्चर्य. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी गुच्छ खुर्चीवर ठेवला.

"चला," एवढंच म्हणाले.

हाताशी माणसं होती, नव्हता तो वेळ. आणि तेव्हा मला ज्या गोष्टीचा आयुष्यभर कंटाळा आला तीच आठवली. समई, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर, आभार. नाशिकमध्ये कुठलाही कार्यक्रम यातून सुटत नाही आणि माइकवरच्या भाषणाने शोकेस हलत नाही.

मी मृण्मयीला गाठलं. "लोक आत आले की बँडच्या आधी सत्कार ठेव."

"सत्कार झाले की, ताई!"

"ज्यांचे राहिलेत त्यांचे."

"कोणाचे राहिलेत?"

"नाशिक आहे हे. कोणाचे ना कोणाचे राहिलेलेच असतात. आणि शेवटी अण्णासाहेबांना दोन शब्द बोलायला लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. "दोन शब्द म्हणजे चाळीस मिनिटं," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत उजेड पडला.

सक्शन कप आणि ब्लँकेट गोळा करेपर्यंत दहा वाजले आणि गर्दी आत आली. आम्ही दालनाचे दिवे कमी करून दार लावून घेतलं. मी, सलीमभाई, सिक्युरिटीचे पगारेकाका आणि लहानूदादा. काचेपलीकडून मृण्मयीचा गोड आवाज येत होता. पार्किंगची व्यवस्था उत्तम सांभाळल्याबद्दल एकाचा सत्कार झाला. मग केटररचा. मग संस्थेच्या सर्वांत जुन्या आजीव सभासदांचा, ज्यांना स्टेजवर चढायलाच पाच मिनिटं लागली. देव त्यांचं भलं करो. बँडची मंडळी गळ्यात वाद्यं अडकवून, खांद्यावर शाली घेऊन, मुकाट उभी होती. एरवी मी अशा वेळी मागच्या दाराने चहाला जाते. त्या रात्री प्रत्येक टाळीला मला वाटत होतं, अजून एक घ्या.

काच वर गेली. "मॅडम, माझी साइड जड हाय," पगारेकाका म्हणाले. "बोलू नका, उचला," सलीमभाई म्हणाले. काच सुखरूप जमिनीवरच्या ब्लँकेटवर टेकली आणि मी पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं. वेळ होता.

लहानूदादांनी चपला काढून लांब ठेवल्या. मुखवट्यासमोर हात जोडले. आणि थांबले.

"नारळ पायजे, ताई."

"आत्ता?"

"नारळ ठेवल्याबिगर नाय हलवता येत. आणताना ठेवला व्हता, तुमी पायला."

पाहिला होता. विसरले होते. सलीमभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आज तो पूरा म्युझियम नारळाने भरलाय."

"शहाळी आहेत ती," मी म्हटलं.

"देवाला शहाळं?" लहानूदादांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तो विषय तिथेच सोडला.

श्रीफळं फक्त एका ठिकाणी होती. स्टेजवर, सत्काराच्या तबकात. सलीमभाई गेले. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. ते गंभीर चेहऱ्याने, जणू हाही कार्यक्रमाचाच भाग आहे असे, स्टेजवर चढले, तबकातला उरलेला एकुलता एक नारळ उचलला आणि उतरले. त्यानंतरच्या सत्कारमूर्तींना नारळाऐवजी शहाळं देण्यात आलं. छत्रीसकट. ते एका बँकेचे माजी संचालक होते. त्यांनी ते फोटोसाठी नीट छातीशी धरलं.

लहानूदादांनी नारळ ठेवला. "फोडतो गावाकडं जाऊन," ते मुखवट्याला म्हणाले, मला नाही.

त्याच वेळी हॉलमध्ये अण्णासाहेबांचा आवाज आला. मी खांदे सैल सोडले. वेस्ट इंडीजचं क्रिकेट, मग नाशिकचं हवामान, मग ट्रस्टचा इतिहास. मला क्रम पाठ होता.

"मित्रहो," अण्णासाहेब म्हणाले, "मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. त्या रात्री त्यांनी ते पहिल्यांदा खरं केलं. "लेट्स डान्स!" ते ओरडले आणि बेसचा पहिला ठोका जमिनीतून माझ्या टाचांत शिरला.

रावण थरथरला. डावीकडची शेवटची दोन डोकी मान हलवल्यासारखी हलली. मी दोन्ही हात पुढे केले आणि अधांतरीच थांबवले. मला हात लावायचा नव्हता. हात न लावता तो पडला तर काय सांगणार होते पारावर?

"सरका, ताई."

लहानूदादांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, पिळा देऊन तिची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. मग खाली वाकून, स्टँडच्या हातांमधून डोकं घालून, ते मुखवट्यासकट सरळ उभे राहिले. एका दमात. आता कंपनं त्यांच्या तळव्यांपर्यंत येत होती, गुडघ्यांत मुरत होती. वर दहा डोकी स्थिर होती.

"खोली कुठंशी?" रावणाच्या तोंडातून आवाज आला.

"हॉलच्या पलीकडे."

"मंग दार उघडा."

मी दार उघडलं. आत दोनअडीचशे माणसं नाचत होती, म्हणजे हात वर करून उड्या मारत होती. सलीमभाई पुढे, "बाजू, बाजू!" म्हणत. मधे रावण. मागे मी, दोन्ही हात पसरून, त्याच्यावर कोणी आदळू नये म्हणून. आधी किंकाळी, मग टाळ्या, मग मोबाइल वर. सगळ्यांना वाटलं, सरप्राइज आयटम आहे.

अण्णासाहेबांना क्षणभर काय झालंय ते कळलं नाही. पण त्यांनी माइक सोडला नव्हता. "आणि हे पाहा, आपल्या सह्याद्रीचा कार्निव्हल! रावणमहाराज, दोन स्टेप होऊन जाऊ द्या!"

लोक तालात ओरडू लागले. "रा-वण! रा-वण!" एका माणसाने सेल्फीसाठी रावणाच्या खांद्यावर हात टाकायला पुढे केला. मी तो मनगटाला धरून खाली घेतला. तो आमचा देणगीदार निघाला.

लहानूदादा नाचले नाहीत. ते चालत राहिले. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. वाट बरोबर बँडच्या समोरून जात होती आणि जमिनीवर केबलचं जाळं होतं. स्टील ड्रम वाजवणारी बँडची प्रमुख, धिप्पाड, साठीची बाई, त्यांच्याकडे एकटक पाहत होती. तिने एकदम एक हात वर केला. बँड थांबला. सगळा. हॉलमध्ये फक्त लहानूदादांच्या अनवाणी पावलांचा आवाज उरला आणि त्या शांततेत ते केबल ओलांडून स्टोअररूमच्या दारातून आत गेले.

मी दार लावलं आणि तिथल्या एका खोक्यावर बसले. खोक्यावर 'बसू नये' असं माझ्याच हाताने लिहिलेलं होतं.

मुखवटा गादीवर उतरल्यावर मी टॉर्च घेऊन इंचाइंचाने तपासला. उजव्या कानामागचे रंगाचे दोन पापुद्रे गेले होते. मी ते कबूल केलं. लहानूदादा शाल झटकत म्हणाले, "रंग काय, आमी दरसाल नवा देतो. मोडला नाय ना?"

"नाही."

"मंग पाणी द्या. गळ्याला कोरड पडली." मी त्यांना शहाळं आणून दिलं.

नंतर बँडच्या त्या बाईंचे आभार मानायला गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाही, चांगल्या इंग्रजीत म्हटलं, की तुम्ही मुखवट्याचा मान राखलात. त्या हसल्या. म्हणाल्या, मान वगैरे ठाऊक नाही, ती दहा डोकी माझ्या ड्रमवर कोसळतील अशी भीती वाटली. एक ड्रम सुरात आणायला आठवडे लागतात. मला त्या लगेच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. दोन संस्कृतींच्या संगमाची ही कल्पना अण्णासाहेबांची, असं खाली छापलं होतं. मी त्यांचं अभिनंदन केलं, कारण सोमवारी मला ट्रस्टची गाडी हवी होती. त्या गाडीने मी रावण गावी पोहोचवला. लहानूदादांनी तो नारळ पारावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला.

बोहाड्याला मी गेले. संबळावर ते पहाटेपर्यंत नाचले. गिरक्या, उड्या, गुडघ्यावर बसून उठणं. मी प्रत्येक उडीला मुखवट्याची कड बघत होते, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

अलीकडे कार्यक्रमाच्या मीटिंगमध्ये आवाज किती असेल हे मी विचारतेच. पण त्याआधी दोन गोष्टी विचारते. भाषण कोण करणार आहे, आणि नारळ किती मागवलेत.