राहिलेलं आमेन

"स्वरयंत्रावर गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. तेव्हा माझी जीभ त्यांनी गॉजच्या तुकड्यात धरलेली होती, त्यामुळे मला काही विचारताही आलं नाही.

घशातला छोटा आरसा बाहेर काढून त्यांनी समजावलं. व्होकल कॉर्ड म्हणजे आवाजाच्या दोन पट्ट्या. त्यातल्या उजव्या पट्टीवर गाठ होती. बायॉप्सी करायची, म्हणजे गाठ काढून ती तपासायला पाठवायची. कॅन्सर आहे की नाही, ते त्याशिवाय कळणार नव्हतं. "तोवर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण जास्त पडतो."

मी परळच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. आमची परंपरा रिफॉर्म्ड, म्हणजे सुधारित. आमच्या देवळात मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत. समोर पुलपिट, म्हणजे उपदेशाचा उंच ओटा असतो आणि त्यावर देवाचं वचन समजावून सांगणारा माणूस. त्या माणसाचा गळाच गेला तर तो रॉकेल संपलेला कंदील. मरणाबद्दल मी कितीतरी अंत्यविधींना बोललो होतो, त्याची भीती मला तितकी वाटली नाही. मुका होऊन जगलो तर मी कोण, याची मात्र फार वाटली.

आवाज श्रावणापासून बसला होता. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. उपदेश करणाऱ्याचा घसा बसायचाच, असं म्हणत मी दिवस ढकलले. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर त्यानं माझ्यासारखा शहाणपणा करू नये. सरळ गळ्याच्या डॉक्टरांकडे जावं.

इस्पितळात मला खाट मिळाली आणि लिहायला पाटी. शेजारच्या खाटेवर लालबागचा एक गिरणी कामगार होता, गावडे. त्या दिवसांत सगळी मुंबई संयुक्त महाराष्ट्रासाठी ओरडत होती आणि गावडे त्यात सर्वांत पुढे. त्यालाही न बोलण्याची ताकीद होती, पण ऐकेल तो गावडे कसला.

"फादर, तुमचो आवाज खंय गेलो?" त्यानं पहिल्याच दिवशी कुजबुजत विचारलं. "माझो फ्लोरा फाउंटनाक रवलो."

मी फादर नव्हे, आमच्यात फादर नसतात, हे पाटीवर लिहून समजावणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी मंडळीतली माणसं भेटायला आली. साळवे आमचे वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी. गजानं कापड मोजावं तसं मोजून बोलणारे. त्यांनी मोसंबी ठेवली, तब्येतीची चौकशी केली. निघायची वेळ झाली तशी सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले आणि ते थांबले.

कशासाठी, ते मला उशिरा उमगलं. घरभेटीच्या शेवटी पाळकसाहेब प्रार्थना करतात, ही वर्षानुवर्षांची सवय. मी पाटी उचलली, पण मिटलेल्या डोळ्यांनी पाटी कोण वाचणार? शेवटी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. साळवे खाकरले, "सलाम, पाळकसाहेब" म्हणाले आणि सगळे गेले. दुसऱ्या दिवशी तेच.

देव आणि माणूस यांच्यामध्ये पाद्री लागत नाही, प्रत्येक विश्वासणारा याजकच आहे, हा सिद्धांत मी पुलपिटावरून दरवर्षी समजावत आलो होतो. सगळ्यांना पटलेलाही होता. मला हसू आलं, पण हसायलाही बंदी होती.

त्यानंतरच्या दिवशी परळला संचारबंदी लागली आणि कुणीच आलं नाही. त्या दिवशी मला मनातल्या मनातही प्रार्थना करता येईना. वाक्यं तर रविवारच्यासारखी घडीदार जुळत होती. पण ती माझी वाटत नव्हती. मी एकटा पडलो होतो आणि घाबरलो होतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संचारबंदी उठली. साळवे आले, चार बायका आल्या, माझी बायको सुमती आली. बोलणं संपलं आणि पुन्हा सगळ्यांनी डोळे मिटले. गावडे हे रोज पाहत होता. त्यानं न राहवून सुमतीला विचारलं, "बाय, ही सगळी माणसां डोळे मिटून कोणाची वाट बघतत?"

सुमती मंडळीत कधी मोठ्यानं प्रार्थना करत नसे. माझ्यासमोर तर नाहीच. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पायांवर हात ठेवला.

"बापा, मला बोलता येत नाही. यांनाही येत नाही. तू दोघांचं ऐक. उद्या यांना भीती वाटू नये." ती थांबली. "वाटेलच. तेव्हा तू जवळ राहा. शेजारच्या भाऊंजवळही राहा. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. गावडेही म्हणाला, अर्धवट. मी एकटाच म्हणालो नाही. शब्द ओठांपर्यंत आला होता, पण पोटातून आलेलं ते आमेन मला गिळावं लागलं. त्या रात्री मी शांत झोपलो.

ऑपरेशन झालं. रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. रिपोर्ट आला आणि डॉक्टर म्हणाले, "बिनाइन. म्हणजे साधी गाठ. कॅन्सर नाही." सुमती तिथंच बाकावर बसून रडली. मीही रडलो. पण आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. आणखी पंधरा दिवस मौन पाळायचं होतं.

ते मौन मी घरी काढलं. माणसं येत आणि निघताना आता कुणी ना कुणी प्रार्थना करी. साळवे तर देवाला कामाची पाळी समजावून सांगावी तसे बोलत. मी ऐकत असे. इतक्या वर्षांत या माणसांची प्रार्थना मी ऐकलीच नव्हती.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला, पट्टी भरून आल्याचं सांगितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "आता बोला. हळू. कुठलाही एक शब्द."

सुमती दाराशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"आमेन," मी म्हणालो. आवाज खरखरीत होता, पण होता.

डॉक्टर हसले. "पाद्रीसाहेब, प्रार्थनेच्या आधीच आमेन?"

"प्रार्थना केव्हाच झाली, डॉक्टर," सुमती म्हणाली. "यांचंच राहिलं होतं."