अर्धवट उघड्या डोळ्यांचा ड्रायव्हर

सगळा बसडेपो त्याला पेंगळ्या म्हणायचा. जन्मापासून त्याच्या पापण्या निम्म्याच उघडायच्या. वडिलांच्याही तशाच होत्या. त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरदेव डुलक्या काढतोय असंच वाटतं. पण स्टिअरिंग हातात आलं की हा माणूस टक्क जागा. इतक्या वर्षांत त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता.

मग प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरसमोर कॅमेरा लागला. ड्रायव्हरला झोप येतेय असं वाटलं की आतलं यंत्र ठणाणा करायचं आणि त्याचा फोटो ऑफिसात पाठवायचं. पेंगळ्याच्या बसमध्ये ते सकाळपासूनच बोंबलायला लागलं. एक आजीबाई मागून ओरडल्या, "अहो, झोपायचं तर घरी झोपा की!"

वर आणखी, चहाच्या खोलीतल्या टीव्हीवर ते फोटो सगळ्यांना ताकीद म्हणून दाखवायचे. "काय रे, आज स्वप्नात कोण आलं होतं?" दोस्त विचारायचे. तोही हसायचा, पण चहा अर्धा टाकून उठायचा.

ऑफिसातून समज आली: हे थांबलं नाही तर बसवरून उतरवू, गेटवर बसवू. बस चालवण्यापलीकडे त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. म्हणून तो दिवसभर भुवया कपाळात चढवून गाडी हाकू लागला. यंत्र गप्प झालं. घरी बायको म्हणाली, "भूत बघितल्यासारखं काय बघताय? मी काय आज नवीन आले का?"

आणि एका संध्याकाळी, भुवया सांभाळण्याच्या नादात, आडवी आलेली सायकल त्याला उशिरा दिसली. त्याने करकचून ब्रेक दाबला. सायकलवाला शिव्या घालत निघून गेला; याने मात्र बस कडेला घेऊन थांबवली.

"माझ्या नोकरीपायी एखाद्याचा जीव जायचा," घरी येऊन तो म्हणाला.

"मग डोळे उघडत नसतील तर तोंड तरी उघडा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो डेपोच्या मॅनेजरबाईंसमोर उभा राहिला आणि त्याने सायकलीसकट सगळं सांगून टाकलं. "बाई, मी यंत्राला खूश करत होतो. रस्ता राहून गेला."

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण त्यांनी यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअर मुलीला बोलावलं आणि तिला घेऊन स्वतः त्याच्या बसमध्ये बसल्या. तो नेहमीसारखा चालवत होता, यंत्र बोंबलत होतं. मुलगी ओशाळली.

"काका, याला शिकवताना टपोऱ्या डोळ्यांचीच माणसं दाखवली असणार. तुमचे थोडे व्हिडिओ दिलेत तर याला पुन्हा शिकवता येईल."

"देतो. पण तोंड माझं आहे, पोरी. घेण्याआधी विचारायचं, कशाला हवंय ते सांगायचं. आणि तो टीव्हीवरचा तमाशा आजच्या आज बंद."

डेपोत परतल्यावर मॅनेजरबाईंनी चहाच्या खोलीत जाऊन स्वतः टीव्हीची वायर उपसली. म्हणाल्या, "यापुढे यंत्र ओरडलं, तर आधी कुणीतरी माणूस फोटो तपासेल. मगच शिक्षेचं बघू."

व्हिडिओ घ्यायच्या दिवशी पेंगळ्या इंजिनिअर मुलीची वाट बघत बाकावर बसला होता. तेवढ्यात जाड भिंगाचा चष्मा लावणारा एक ड्रायव्हर दारात घुटमळला.

"माझ्या काचांवर ऊन पडलं की मलाही झोपलेला ठरवतं. लाजेनं बोललो नव्हतो. माझाही घेतील का?"

पेंगळ्या बाकावर सरकला. "बस की. पण आधी तिला विचार, कशाला हवाय म्हणून."