पिल्लू कोणाच्या पाठीवर

त्या वर्षी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी माणसांपेक्षा माकडं जास्त पाहिली. टॅमरिन नावाची, खारीएवढी, दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात राहणारी. मी तिथे कधी गेले नाही. तिकडून आलेले व्हिडिओ लॅबमध्ये बसून बघायचे आणि मिनिटामिनिटाला पिल्लू कोणाच्या पाठीवर आहे ते लिहायचं, हे माझं पीएचडीचं काम.

घरी वर्षाची मुलगी. नवरा तीन-चार तासांवरच्या अ‍ॅशबर्नला नोकरीत. शुक्रवारी येणार, रविवारी जाणार, पाहुण्यासारखा. आधी माझी आई सहा महिने राहून गेली, मग सासूबाई. त्यांच्या व्हिसाची मुदत संपली तसं माझं दमणंही संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. डेकेअरमधून आठवड्याआड फोन यायचा, ताप आहे, घेऊन जा.

अशात प्रोफेसरबाईंनी तीन आठवड्यांच्या नोंदी परत पाठवल्या. पाठीवर पिल्लं दिसली की मी ओळखीसाठी माकडांच्या गळ्यात बांधलेल्या कॉलरचा रंग न बघताच ‘आई’ लिहून मोकळी होत होते. टॅमरिनची आई पिल्लांना घेते ती मुख्यतः पाजायला. बहुतेकदा जुळी होतात, एकटीला तो भार झेपत नाही. पाजून झालं की बाप पाठीवर घेतो, तो दमला की मोठी भावंडं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, तरी हात आपला ‘आई’वरच. बाई रागावल्या नाहीत. सेमिस्टर संपायच्या आत सगळं पुन्हा नीट झालं नाही तर पीएचडी सोडावी लागेल, एवढंच म्हणाल्या. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला.

शुक्रवारी नवरा आल्या आल्या मी म्हणाले, “हिला तुझ्याकडे घेऊन जा. सेमिस्टर संपेपर्यंत.”

“अगं, माझं ऑनकॉल असतं यार, रात्री-अपरात्री कामाला बसावं लागतं. आईला परत बोलावू या का?”

“त्या दमल्यात. माझी आई दमलीय. मी दमलेय. तू एकटाच राहिलायस.”

तो भांडेल असं वाटलं होतं. भांडला नाही. त्याने विचारलं, “तिचे डायपर कुठे ठेवतेस?” वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं.

रविवारी दुपारी दोघं गेली. तिचं अंगावर पिणं सुटलं होतं, अडायला काही कारण नव्हतं. ती रडली नाही. मी आत येऊन सोफ्यावर पडले, ती सोमवारी सकाळी आईच्या फोननेच उठले. बातमी पुण्याला पोचली होती.

“एवढीशी पोर पाठवून दिलीस. आठवण येत नाही का गं?”

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “अजून नाही आली,” मी म्हणाले. “झोपले होते.”

आई हळूच म्हणाली, “मग झोप आणखी थोडी. मला कोणी झोपू दिलं नव्हतं.”