झुलेमाची दुपारची झोप आणि कालव्याची दारं

आमच्या सांतियागो प्रांतात दुपारी एक ते पाच जो जागा असतो, तो एक तर चोर नाही तर राजधानीचा पाहुणा. झुलेमा दोन्ही नव्हे. माझ्या शेजाऱ्यांची ही लेक राजधानीतल्या कंपनीसाठी घरबसल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. मी गावच्या शाळेत सहावीपर्यंतच टिकलो, पण तिचं काम मला पाठ आहे. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा खोटा कॉम्प्युटर, त्यात प्रोग्रॅम, आणि बाहेर डीबगर नावाचा चोंबडा, जो प्रोग्रॅमला पावलापावलावर अडवून विचारतो, "खिशात काय आहे रे?"

उन्हाळा लागला त्या आठवड्यात कालव्याची दारं उघडणारा कंपनीचा प्रोग्रॅम बिघडला. संध्याकाळी सगळी दारं एकदम उघडायची. एउफेमियाबाईंच्या शेतात कांदे पोहायला लागले! साहेबाचा हुकूम आला, "शुक्रवारपर्यंत चूक शोध, नाही तर नोकरी गेली समज."

झुलेमा रोज एकला आतला कॉम्प्युटर आहे तसा झोपवायची आणि स्वतःही आडवी व्हायची. पाचला उठवला की त्याला वाटायचं, नुसती पापणी लवली. डीबगर मात्र बाहेर टक्क जागा! हाका मारमारून, उत्तर नाही म्हणून, 'संबंध तुटला' असं लिहून मोकळा.

"अगदी माझा मेव्हणा," मी म्हणालो. "दुपारी दार वाजवतो, उघडलं नाही की गावभर सांगतो, म्हातारा गेला."

"हसू नका आजोबा. राजधानीत प्रोग्रॅम बिघडतच नाही. फक्त माझ्याकडे आणि कालव्यावर."

"कालव्यावर क्लोदोमिरो राखणीला आहे. तोही दुपारी झोपवतो की तिथला कॉम्प्युटर. त्याच्या पंख्याच्या घरघरीनं झोप लागत नाही म्हणे."

तिनं माते, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला खाली ठेवला. "कधीपासून?"

"उन्हाळा लागल्यापासून. पत्ते खेळताना फुशारकी मारतो."

"आणि हे आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी?"

गुरुवारी तिनं प्रोग्रॅम जिथे घड्याळ बघतो, नेमकी तिथे त्याला अडवायची खूण केली, सगळं झोपवलं आणि कामाचा भाग म्हणून स्वतःही झोपली. पाचला डीबगर पुन्हा जोडला. घड्याळात एक वाजून दोन मिनिटं. एक पाऊल पुढे, थेट पाच! आणि चार तासांचे तुंबलेले हुकूम एकदम दारांवर धावले. तिनं दुरुस्ती केली: उठल्यावर आधी वेळ बघ, शिळे हुकूम फेकून दे.

शुक्रवारी एकला दुरुस्ती पाठवून बाई झोपल्या. पाचला मी माते प्यायला गेलो, तेव्हा ती फोनवरचे साहेबाचे निरोप वाचत होती.

"फोन उचल."

"उचल म्हणतोय ना!"

"उत्तर नाही, म्हणजे तू काम सोडलंस असं धरतो."

आणि साडेचारचा चौथा: "इथे कॉम्प्युटर झोपवून, उठवून चालवून पाहिलं. दारं वेळेवर. सोमवारी नवीन काम पाठवतो."

"तुमचा मेव्हणाच हो," म्हणाली, आणि माझा पेला भरला.