पहिली फेरी

आमचे साहेब लिफ्ट दुरुस्तीच्या केंद्राचे प्रमुख होते आणि एकोणीस वर्षं जिन्याने चढत होते. नऊ मजले असोत की चौदा, पिशवी खांद्याला, एक हात कठड्याला, आणि निघाले. यामागे तीन मतं होती. तब्येतीसाठी, असं इमारतींचे रखवालदार म्हणत. विजेची कंजुषी, असं आमचा वायरमन म्हणे. हा वायरमन सकाळी सुरू झाला की संध्याकाळीच बंद होई, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. तिसरं मत असं, की साहेब जाता जाता प्रत्येक मजल्याचं दार तपासतात. हे मत साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, म्हणून तेच अधिकृत धरलं गेलं.

साहेब एकूणच कमी बोलत. काम संपलं की "झालं?" असं विचारत. हो म्हटलं की "बघतो" म्हणत. मग दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये एकटेच शिरत, तळापासून वरपर्यंत एक फेरी मारत, बाहेर येऊन वहीत सही करत आणि म्हणत, "जा घरी." पहिली फेरी साहेबांची, आणि त्यांच्याबरोबर कुणी बसायचं नाही, हा नियम होता.

या फेरीचा सगळ्यांत जास्त राग कानसेनना. कानसेन म्हणजे आमचे सर्वांत जुने मेकॅनिक. मशीन रूमच्या दाराबाहेर उभं राहून, नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगत, म्हणून हे नाव. "सव्वीस वर्षं झाली मला या कामात," ते म्हणत, "अजून माझा पेपर तपासतो हा माणूस."

मी तिथे पदविका घेऊन नुकतीच लागले होते. संगणक येतो म्हटल्यावर अहवालांचं काम माझ्या गळ्यात पडलं. महिन्याभरात मला दोन गोष्टी कळल्या. एक, कानसेनचे कान गेले होते. दुसरी, हे साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मला ते डब्यामुळे कळलं. एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. अशा वेळी वीज बंद करून वर मशीन रूममध्ये एक जण हाताने चाक फिरवतो, आणि केबिनच्या छतावर बसलेला दुसरा "चल", "थांब" असं ओरडतो. आवाज दोर जातात त्या भोकांतून वर पोचतो. चाकावर कानसेन होते, छतावर रेडिओ. रेडिओ "थांब" ओरडला. केबिन आणखी वीतभर वर गेली. रेडिओने हात काढून घेतला. शेजारी ठेवलेला जेवणाचा डबा काढायला वेळ नव्हता. वरच्या लोखंडी तुळईखाली तो ताटलीसारखा चपटा झाला.

रेडिओने घरी सांगितलं की डबा हरवला. बायकोने नवीन डबा दिला, त्यावर त्याचं नाव आणि फोन नंबर कोरून.

"कुठे बोलू नकोस, ताई," तो मला म्हणाला. "कानसेनकाकांची तीन वर्षं राहिलीत. कान गेले म्हटल्यावर घरी पाठवतील. धाकटी अजून शिकतेय त्यांची."

"आणि पुढच्या वेळी डब्याच्या जागी तूच असलास तर?"

रेडिओ त्या दिवशी पहिल्यांदा दुपारीच बंद पडला.

त्याच सुमारास मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. वरिष्ठांनी आपल्या माणसांशी खरंखुरं नातं जोडावं, त्यासाठी आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी पंधरा मिनिटं मनमोकळं बोलावं आणि फॉर्म भरून पाठवावा. फॉर्मवर चार प्रश्न होते. सहकाऱ्याची विचारपूस केली का? त्याचं ऐकून घेतलं का? स्वतःबद्दल काही मनमोकळेपणाने सांगितलं का? पुढे काय ठरलं?

साहेब हुकमाचे ताबेदार. सोमवारी सकाळी त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि रेडिओला बोलावलं. आमच्याकडे खोली एकच, त्यामुळे हे मनमोकळं बोलणं माझ्यापासून दोन हातांवर झालं.

"कसा आहेस?" साहेबांनी विचारलं.

रेडिओ दचकला. "काय झालं साहेब?"

"काही नाही. कसा आहेस?"

"कुणी तक्रार केली का?"

"नाही."

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं. "घरचे बरे आहेत?"

"साहेब, काढणार असाल तर सरळ सांगा. असं आडून आडून नको."

"काढत नाही."

"नक्की?"

"नक्की."

अजून बारा मिनिटं उरली होती. ती दोघांनी समोरासमोर बसून काढली. तिसऱ्या प्रश्नापुढे साहेबांनी प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं. पुढचे तीन आठवडे सगळ्यांच्या फॉर्मवर "नाही"च लिहिलं. एव्हाना आमच्या केंद्रात दोघं जण गुपचूप दुसरी नोकरी शोधू लागले होते.

पाचव्या आठवड्यात मुख्य कार्यालयाने सगळे फॉर्म परत पाठवले. "तिसऱ्या मुद्द्याची पूर्तता करावी." साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कानसेनना बोलावलं.

कानसेन येऊन बसले. विचारपूस झाली. कानसेननी सगळ्याला "ठीक आहे" म्हटलं. मग साहेबांनी घसा खाकरला.

"मला लिफ्टची भीती वाटते," ते फॉर्मकडे बघत हळूच म्हणाले.

माझी बोटं कीबोर्डवर थांबली.

"हो हो, बरोबर आहे," कानसेन मान डोलावत म्हणाले.

साहेब गोंधळले. "बरोबर काय? म्हणतोय, मला लिफ्टची भीती वाटते."

"होईल की. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल."

साहेबांनी कानसेनच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पोटातून श्वास घेतला, आणि एकोणीस वर्षांत जेवढा आवाज लावला नव्हता तेवढा लावला. "मला! लिफ्टची! भीती वाटते!"

बाहेर कुणीतरी हातोडी मारत होतं, ती थांबली. रेडिओही थांबला.

कानसेन हसले नाहीत. "मग पहिली फेरी?"

"डोळे मिटून मारतो." साहेब आता मोठ्यानेच बोलत होते.

"म्हणजे माझं काम तपासायला नाही?"

"डोळे मिटून काय तपासणार?"

"मग बसता कशाला?"

"ज्यात बसायची मला भीती वाटते, त्यात आधी दुसऱ्याला कसं बसवू?" साहेब म्हणाले. एका दमात एवढं बोलल्यामुळे त्यांना पाणी प्यावं लागलं.

कानसेननी टेबलावरचं घड्याळ उचललं, कानाला लावलं, परत ठेवलं.

"साहेब, तुम्ही आधीही काही बोललात ना?"

"दोनदा."

"मला ऐकू आलं नाही."

"ते कळलं."

"डावा पार गेलाय. उजवाही निघालाय. दोन वर्षं होतील." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रेडिओचा डबा हरवला नव्हता. मी चाक थांबवलं नाही. तेव्हापासून तो सकाळी आला की मी आधी त्याचे हात बघतो. दोन्ही आहेत ना."

साहेब माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"बाहेरच्यांना?"

"हो," बाहेरून रेडिओ म्हणाला.

"मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

कानसेनच म्हणाले, "तुम्ही रोज संध्याकाळी 'जा घरी' म्हणता. वाटलं, तेच म्हणाल."

पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं.

"आजपासून चाकाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

कानसेनची मान खाली गेली.

"वर बघा. तुम्हाला तोंड दिसल्याशिवाय कळत नाही ना? कान दोन वर्षांपूर्वी गेले म्हणता. मग परवाचं बेअरिंग कसं ओळखलंत?"

कानसेननी पंजा पसरून टेबलावर टेकवला. "असं. मोटरच्या अंगावर हात ठेवतो. खरं सांगायचं तर कानापेक्षा बरं कळतं."

"मग तेच करा. चाक दुसरं कुणीतरी धरेल. आणि उद्या कान दाखवून या."

चौथ्या प्रश्नापुढे साहेबांनी सगळी हकिगत लिहिली, डब्यासकट. शेवटी लिहिलं, "चाकासाठी एक माणूस जास्त लागेल." आठ दिवसांनी उत्तर आलं. जास्तीचा माणूस मिळणार नाही. मात्र आपल्या केंद्रातील संवादाला "उत्तम" शेरा देण्यात येत आहे.

साहेबांनी शेरा फायलीत लावला आणि चाक स्वतः धरलं. मशीन रूम इमारतीच्या माथ्यावर असते. जिन्याने वर जाणारा माणूस आमच्याकडे होताच.

कानसेनना कानाचं यंत्र मिळालं. ते शिट्टी वाजवतं म्हणून ते खिशात ठेवतात आणि साहेब दिसले की घाईघाईने लावतात.

त्यानंतरची पहिली मोठी दुरुस्ती नऊ मजली इमारतीत होती. काम संपलं. साहेब माथ्यावरून जिन्याने उतरून खाली आले.

"झालं?"

"झालं," रेडिओ म्हणाला.

"बघतो."

साहेब लिफ्टमध्ये शिरले. त्यांच्यामागून कानसेनही शिरले.

"नियम आहे," साहेब म्हणाले.

कानसेननी ऐकू आलं नाही असं दाखवलं. यंत्र त्या वेळी कानातच होतं. दार बंद झालं.

आम्ही खाली दारावरचे आकडे बघत उभे राहिलो. आकडा नऊवर गेला, थांबला, खाली आला. दार उघडलं तेव्हा साहेबांचे डोळे घट्ट मिटलेले होते. कानसेनचा एक पंजा लिफ्टच्या भिंतीला टेकलेला होता, दुसरा साहेबांच्या खांद्यावर.

"आलं," कानसेननी खांद्यावर थोपटलं. "उघडा आता. मऊ चाललीय."

साहेबांनी डोळे उघडले, बाहेर येऊन वहीत सही केली आणि वही कानसेनपुढे धरली. कानसेननी साहेबांच्या सहीखाली सही केली. सव्वीस वर्षांत ती त्या वहीतली त्यांची पहिलीच.

"जा—" साहेब म्हणाले आणि थांबले. थोडा विचार केला. "चला, आपण सगळेच घरी जाऊ."

मग त्यांच्या लक्षात आलं, की पिशवी मशीन रूममध्येच राहिली. लिफ्ट समोर दार उघडून उभी होती. साहेबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कठड्याला हात लावला आणि जिना चढू लागले.